‘पुस्तक मिळालं नाही’: काउंटरवरची तक्रार मोजायची कशी

संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. ठाणे स्टेशनात लोकल रिकाम्या होतात आणि नौपाडा-घंटाळीकडच्या वाचनालयांत काउंटरपुढे माणसं उभी राहतात. या दोन तासांत ग्रंथपालाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं: ‘पुस्तक मिळालं नाही.’ त्याला ठरलेली दोन उत्तरं असतात, ‘बाहेर गेलंय’ आणि ‘पुढच्या खरेदीत घेऊ’. मग खरेदीची सभा येते, पुस्तकं कमी पडतात असं कोणीतरी म्हणतं आणि यादी मंजूर होते. पुस्तकं खरंच कमी होती, की होती तीच सापडत नव्हती, हे कोणी मोजलेलं नसतं.

मोजायची पद्धत मात्र ग्रंथालयशास्त्रात जुनीच आहे. माहितीशास्त्रज्ञ पॉल कँटर यांनी ती १९७६ साली अमेरिकेत मांडली. वाचक ठरावीक पुस्तक मागायला येतो तेव्हापासून ते पुस्तक त्याच्या हातात पडेपर्यंत वाटेत चार अडथळे असतात. पुस्तक ग्रंथालयाने घेतलेलंच नाही. घेतलंय, पण देवघेवीत बाहेर आहे. आत आहे, पण जागेवर नाही. जागेवर आहे, पण वाचकाला दिसलं नाही. कोणत्या अडथळ्यावर किती जण परत फिरतात ते मोजलं की पैसा आणि हात कुठे लावायचे ते कळतं. खर्च म्हणाल तर पन्नास ए-फोर कागद, तीन आठवडे आणि रोज तासभर एक माणूस.

आधी निर्णय, मग प्रश्न

सुरुवात खरेदी-सभेच्या तारखेपासून करा आणि तिथून सहा आठवडे मागे मोजा. मागण्या नोंदवायच्या चिठ्ठ्या छापायला एक आठवडा, गोळा करायला तीन, आकडेमोडीला एक आणि एक हाताशी. सभेनंतर आलेला निष्कर्ष कितीही चोख असला तरी फायलीतच जातो. प्रश्न एका वाक्यात लिहा: ‘यंदाचे पैसे नव्या पुस्तकांवर घालायचे, चालणाऱ्या पुस्तकांच्या जास्तीच्या प्रतींवर, की मांडणी आणि लेबलांवर?’ मग स्वतःला विचारा, उत्तर काहीही आलं तरी आपण तेच करणार आहोत का? तसं असेल तर हा प्रश्न सोडून दुसरा घ्या.

‘आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?’ छापाची प्रश्नावली नको. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, ग्रंथालयशास्त्राचे प्रबंध चाळलेत तर असल्या प्रश्नावल्या पोत्याने सापडतील. त्या भरणारे सगळे अजून येणारे सभासद असतात. कंटाळून यायचा थांबलेला माणूस त्यात नसतो, आणि समोर उभ्या असलेल्या सहायकाच्या देखत कोणी ‘असमाधानी’वर खूण करत नाही.

एक तास वाचनाला

चिठ्ठी छापण्याआधी हे काम इतरांनी कसं केलं ते बघून घ्या. फुकट आणि पूर्ण मजकुरासह वाचता येतील अशा तीन जागा पुरतात: अॅनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज, डेसिडॉकचं (संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओच्या माहिती केंद्राचं) नियतकालिक आणि कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातून २००६ पासून निघणारं एव्हिडन्स बेस्ड लायब्ररी अँड इन्फर्मेशन प्रॅक्टिस. तिसऱ्यात दुसरीकडे छापून आलेल्या अभ्यासांची छोटी चिकित्सा असते. अख्खा लेख वाचायला सवड नसेल तर तेवढीही चालते.

लेख वाचताना सारांशावर थांबू नका, थेट पद्धतीच्या भागावर जा आणि तीन गोष्टी शोधा. ग्रंथालय खुल्या कपाटांचं (वाचक स्वतः पुस्तक काढतो) होतं की बंद (आतला माणूस आणून देतो)? मागण्या किती नोंदवल्या? न मिळालेलं पुस्तक कर्मचाऱ्याने किती वेळात तपासलं? तिसऱ्याचं उत्तर लेखात नसेल तर त्यातल्या टक्केवारीवर फार विसंबू नका. त्याचं कारण पुढे येईलच. विद्यापीठाच्या ग्रंथालयातले आकडे आपल्या वाचनालयाला जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही. तिथून पद्धत घ्यायची, आकडे आपले आपण काढायचे.

चिठ्ठी

ए-फोर कागदाच्या चार चिठ्ठ्या होतात, म्हणजे पन्नास कागदांत दोनशे. पुढच्या बाजूला वाचकासाठी एवढंच: तारीख, वेळ, ‘आज कोणतं ठरावीक पुस्तक हवं होतं?’, लेखक, ‘मिळालं / नाही मिळालं’. मागच्या बाजूला कर्मचाऱ्यासाठी चार अडथळ्यांच्या क्रमाने चार चौकटी, तपासल्याची वेळ आणि शेऱ्यासाठी दोन ओळी. नाव, सभासद क्रमांक, मोबाइल काहीही नको. कोण काय वाचतं हा त्याचा खासगी मामला आहे, आणि नाव नसलं की लोक खरं लिहितात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त न मिळालेल्या पुस्तकांची नोंद ठेवणं. मग महिन्याअखेर हातात ‘११० पुस्तकं मिळाली नाहीत’ एवढंच राहतं. दोनशेपैकी ११० की दोन हजारांपैकी, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. मिळालेल्या पुस्तकाचीही चिठ्ठी झालीच पाहिजे. ‘सहज चाळायला आलो’ म्हणणाऱ्याची चिठ्ठी करू नका. त्याची गरज खरी आहे, पण ती मोजायचं हे साधन नव्हे.

बंद कपाटांच्या, काउंटरवरून पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत एक गंमत होते. सभासद सूचीतून सात-आठ क्रमांकांची यादी करून देतो. आतला माणूस त्यातलं जे पहिलं सापडेल ते आणून देतो. सहावं मिळालं तरी सभासद खूश, देवघेव नोंदवहीत एक पुस्तक गेल्याची नोंद, सगळं आलबेल. पहिली पाच का मिळाली नाहीत, याची नोंद कुठेच राहत नाही. अशा ठिकाणी यादीतला फक्त पहिला क्रमांक धरा आणि निकाल त्याच्यापुरताच लिहा. चौथा अडथळाही इथे थोडा बदलतो: पुस्तक जागेवर होतं, पण आत गेलेल्या माणसाला दिसलं नाही, किंवा त्याने क्रमांक चुकीचा वाचला. घाईत हाताने लिहिलेले १ आणि ९ यांनी कितीतरी पुस्तकं ‘हरवलेली’ आहेत.

खुल्या कपाटांच्या ठिकाणी एका वाचकाच्या एका फेरीतल्या दोनच मागण्या घ्या. नाहीतर चार उत्साही सभासदच निम्म्या चिठ्ठ्या भरतात आणि ती पाहणी त्यांच्या आवडीची होते.

कधी करू नये

दिवाळी अंकांच्या दिवसांत करू नका. तेव्हाची मागणी अंकांची असते, त्यांची योजना वेगळी आणि फिरतीही वेगळी. मे महिन्यात बालविभाग सगळा आकडा ओढून नेतो. गणपतीच्या दहा दिवसांत संध्याकाळ रिकामी जाते. वार्षिक साठा-पडताळणीनंतर लगेच केलीत तर कपाटं नुकतीच लागलेली असतात आणि निकाल फुकट चांगला येतो. जुलैचा दुसरा पंधरवडा किंवा जानेवारी-फेब्रुवारी बरा.

चिठ्ठ्या वेळांत वाटून घ्या: सकाळ, संध्याकाळ, रविवार. आठवडाभर मुंबईला जाऊन येणारा सभासद रविवारीच येतो आणि त्या दिवशीची कपाटं बुधवारसारखी नसतात. पण सगळ्या चिठ्ठ्या रविवारच्या नकोत. वाशी-नेरूळकडच्या ग्रंथालयांत मराठी, हिंदी, इंग्रजी असे तिन्ही विभाग चालत असतील तर चिठ्ठीच्या कोपऱ्यात भाषेचं एक अक्षर टाका, पुढे वेगळं काढता येतं. अभ्यासिकेत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मात्र या पाहणीत घेऊ नका. बहुतेक जण स्वतःची पुस्तकं घेऊन येतात. त्यांना हवी असते खुर्ची आणि चार्जिंगचा प्लग.

अर्ध्या तासाच्या आत

‘नाही मिळालं’ची चिठ्ठी हातात आली की अर्ध्या तासाच्या आत तपासा. संध्याकाळी सहाला न मिळालेलं पुस्तक सातला परत येतं, साडेसातला कपाटात लागतं, आणि आठला तपासणारा म्हणतो, ‘जागेवरच आहे की, वाचकाला दिसलं नाही.’ बाहेर असलेलं पुस्तक असं वाचकाच्या माथी मारलं जातं. दुसऱ्या दिवशी तपासलेली चिठ्ठी बाजूला काढा, मोजणीत घेऊ नका.

तपासण्याचा क्रम बदलायचा नाही.

आधी सूचीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये पुस्तक आहे का बघा. इथे मराठीचा एक खास खड्डा आहे. ‘ऱ्य’ संगणकावर दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ या वेगळ्या अक्षरातून, किंवा साध्या र ला हलंत आणि एक अदृश्य जोडखूण देऊन, ‘र्‍य’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला ते वेगळे. ‘ॲ’ आणि ‘अॅ’चंही तेच. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी तर शोधात येतच नाहीत. म्हणून पूर्ण शीर्षक न टाकता त्यातला जोडाक्षर नसलेला एकच शब्द टाका, मग आडनावाने शोधा, शेवटी दाखल नोंदवही (घेतलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात चढवतात ती) बघा. पुस्तक नोंदवहीत आहे पण शोधात येत नाही, असं निघालं तर ते ‘घेतलेलं नाही’मध्ये टाकू नका. चौथ्या चौकटीत टाका आणि शेऱ्यात ‘सूची’ लिहा.

मग बाहेर आहे का. कोहा, ई-ग्रंथालय, सोल, यांतलं कोणतंही ग्रंथालय-सॉफ्टवेअर वापरत असलात तरी प्रतीची स्थिती एका टिचकीत दिसते. कार्ड पद्धत असेल तर ट्रे बघा.

मग कपाट. नेमक्या जागी नसेल तर वरचा-खालचा खण बघा, पुस्तकांच्या मागे पडलेली बघा, परतीची ट्रॉली, वाचनकक्षातली टेबलं, बांधणीला काढलेला गठ्ठा आणि कर्मचाऱ्यांचं स्वतःचं कपाट बघा. शेवटचं विसरू नका. क्रमांकाने लावलेल्या साठ्यात अंकांची अदलाबदल हे नेहमीचं दुखणं: ४५३२ हवं असेल तर ४५२३ च्या शेजारी नजर टाका. दहा मिनिटांत नाही सापडलं तर ‘जागेवर नाही’वर खूण करा आणि पुढे चला. हरवलं का, तो शोध वेगळा.

जागेवर मिळालं तर चौथी चौकट, आणि शेऱ्यात कारण: पाठीवरचं लेबल निघालंय, सर्वांत खालचा खण, अंधार, चरित्र कादंबऱ्यांत लावलंय, वगैरे. कँटर या चौकटीला वाचकाची चूक म्हणतात. शेरे वाचल्यावर त्यातल्या बहुतेक चुका आपल्याच निघतात.

हे सगळं स्वतंत्र चिठ्ठ्यांवरच करा. सरकारी तपासणीला दाखवायच्या देवघेव नोंदवहीत पेन्सिलीनेही खुणा नकोत.

आकडेमोड

समजा, दोनशे चिठ्ठ्या जमल्या. आकडे फक्त रीत दाखवायला घेतले आहेत. तीस पुस्तकं ग्रंथालयाने घेतलेलीच नव्हती, उरली १७०. त्यातली ५१ बाहेर, उरली ११९. त्यातली १७ जागेवर नाहीत, उरली १०२. त्यातली १२ वाचकाला दिसली नाहीत. हातात पडली ९०, म्हणजे ४५ टक्के.

प्रत्येक पायरीची टक्केवारी त्या पायरीपर्यंत पोचलेल्या पुस्तकांवर काढायची, दोनशेवर नाही. १७०/२०० म्हणजे ८५ टक्के, ११९/१७० म्हणजे ७०, १०२/११९ म्हणजे जवळपास ८६, ९०/१०२ म्हणजे ८८. चारही अपूर्णांकांचा गुणाकार केला की पुन्हा ०.४५ येतं. नाही आलं तर बेरीज-वजाबाकी कुठेतरी चुकली आहे.

या गुणाकारामुळेच पद्धत कामाची ठरते, कारण कागदावर एकेक अडथळा काढून बघता येतो. मागितलेलं प्रत्येक पुस्तक विकत घेतलं असतं तर? ८५ च्या जागी १०० धरा: दोनशेतली साधारण १०६ हातात पडली असती. एकही नवं पुस्तक न घेता फक्त कपाटं नीट लावली असती तर? ८६ च्या जागी १००: १०५. खरेदीचा अख्खा निधी एका बाजूला आणि रोजची वीस मिनिटं दुसऱ्या बाजूला, फरक एका पुस्तकाचा. आणि बाहेर असल्याने न मिळणाऱ्यांचं प्रमाण ३० वरून १५ टक्क्यांवर आणलं असतं तर १०९. तुमच्या ग्रंथालयाचे आकडे वेगळे येतील, कदाचित खरेदीच कमी पडते आहे असंही दिसेल. पण हा हिशेब समोर ठेवल्यावर सभेतल्या चर्चेचा नूर बदलतो. नवं घेतलेलं पुस्तकही पुढचे तीन अडथळे जुन्या पुस्तकांसारखेच भोगेल, असं यात गृहीत धरलं आहे. गाजणारं नवं पुस्तक तर जास्तच बाहेर राहतं.

चिठ्ठ्या एक्सेलमध्ये भरून पुस्तकांच्या यादीशी जुळवताना दोन गोष्टी सांभाळा. सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही फाइल डबल क्लिकने उघडली की मराठीचा चिवडा होतो. ‘डेटा’मधून आयात करून यूटीएफ-८ निवडा. आणि बारकोडचा स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि पुस्तक जुळत नाही.

मग करायचं काय

जागेवर नसण्याचा उपाय सर्वांत स्वस्त. रोज उघडण्याआधी एका माणसाने एक कपाट क्रमाने वाचायचं, म्हणजे प्रत्येक पुस्तक आपल्या जागी आहे का ते बघत जायचं, वीस मिनिटं. सगळी कपाटं पाळीपाळीने घेण्याची गरज नाही. चिठ्ठ्यांत ज्या कपाटांची नावं पुन्हा पुन्हा आली ती आठवड्यातून दोनदा, बाकीची महिन्यातून एकदा.

पुस्तक बाहेर असण्यावर पहिला विचार जास्तीच्या प्रतींचा येतो. त्याआधी मुदत बघा. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात मायकेल बकलंड यांनी दाखवलं की सर्वाधिक मागणीच्या पुस्तकांपुरती मुदत कमी केली तरी उपलब्धता चांगली वाढते, कारण लोक पुस्तक परत करतात ते मुदत संपत आली की, वाचून संपलं की नव्हे. सर्वांत चालणारी शंभर पुस्तकं काढा, पाठीवर लाल पट्टी लावा, पंधराऐवजी सात दिवस करा. पाच-सहा दिवस करू नका. रविवार ते रविवार जाणारा सभासद त्यात अडकतो, विलंब शुल्कावरून रोज वाद होतात आणि योजना महिन्यात बंद पडते.

खरेदीचा अडथळा मोठा निघाला तर चिठ्ठ्यांवरची शीर्षकंच तुमची यादी. दोन किंवा अधिक चिठ्ठ्यांवर आलेली आधी घ्या.

चौथ्या चौकटीला लेबलं आणि दिवे. खालच्या खणातली चालणारी पुस्तकं छातीच्या उंचीवर आणा, न चालणारी खाली न्या. एवढ्यावर बरंच भागतं.

किती विश्वास ठेवायचा

दोनशे चिठ्ठ्यांवरचे ४५ टक्के म्हणजे खरा आकडा ३८ ते ५२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. चारशे चिठ्ठ्या केल्या तर ४० ते ५०. म्हणून उपायानंतर पुन्हा दोनशे चिठ्ठ्या घेऊन ४५ चे ५२ झाले की टाळ्या पिटू नका. दोन्ही वेळा दोनशेच असतील तर दहा टक्क्यांच्या आतला फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो.

त्यापेक्षा ज्या पायरीवर काम केलं तिचाच आकडा बघा. ११९ पैकी १७ जागेवर नव्हती, कपाट-वाचनानंतर तेवढ्यातली तीनच निघाली, तर १४ चे अडीच टक्के झाले. हा फरक दोनशे चिठ्ठ्यांतही टिकतो. एकूण आकड्यात इतर तीन पायऱ्यांची हालचाल मिसळते आणि तुमचं काम त्यात बुडून जातं.

विद्यार्थी आणि कार्यकारिणी

मुंबई विद्यापीठ किंवा एसएनडीटीच्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय आणि जागा हवी असते, तुम्हाला तपासायला हात हवे असतात. विभागाला पत्र लिहा, पण ‘आमच्याकडे संशोधनाला वाव आहे’ असं मोघम नको. वरचा एका वाक्यातला प्रश्न, तीन आठवड्यांच्या तारखा आणि रोजचे तास लिहा. आणि आधीच लेखी ठरवा: सभासदांची नावं असलेला डेटा बाहेर जाणार नाही, चिठ्ठ्या ग्रंथालयाच्या राहतील, आणि प्रबंध सादर होण्याआधी एक पानाचा मराठी अहवाल ग्रंथालयाला मिळेल. ही शेवटची अट विसरलात तर निकाल परीक्षेनंतर येतो आणि सभा होऊन गेलेली असते. विद्यार्थ्याला पहिले दोन दिवस कपाट लावायला द्या. मांडणी माहीत नसलेला तपासनीस सगळंच ‘जागेवर नाही’ म्हणतो.

कार्यकारिणीसमोर एकच पान. वर पाच आकडे: २००, १७०, ११९, १०२, ९०. खाली ‘एक अडथळा काढला तर’ची तीन वाक्यं. त्याखाली मागणी, रुपयांत आणि तासांत. टक्केवारीच्या रंगीत वर्तुळांची गरज नाही. ‘आपला ग्रंथपाल कामचुकार आहे का?’ असा प्रश्न येऊ शकतो, कारण जागेवर नसलेली पुस्तकं डोळ्यांत भरतात. त्यासाठी परतीच्या ढिगाची उंची, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रोजची देवघेव हे तीन आकडे जवळ ठेवा.

एवढं झाल्यावर तेच पान जिल्हा ग्रंथालय संघाच्या बैठकीत वाचा आणि चिठ्ठीचा नमुना वाटा. दोन-तीन वाचनालयांनी तीच चिठ्ठी, तेच अर्ध्या तासाचं बंधन पाळलं तर आकडे शेजारी शेजारी ठेवता येतात. लेख छापायचा असेल तर वर सांगितलेल्या नियतकालिकांकडे पाठवा. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, अशा ईमेलला उत्तर देऊ नका.

चिठ्ठ्या दुसऱ्या फेरीपर्यंत जपून ठेवा, पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून प्लास्टिकच्या डब्यात. पहिली फेरी जुलैत झाली असेल तर दुसरी जानेवारीत घ्या, दिवाळी अंक परत आले आणि कपाटं पुन्हा लागली की.